नानांचा गोबरगॅस

नानांच्या अंगणात पाऊल टाकायचं तर आधी खिसे दाखवावे लागत. "काडीपेटी शे का?" हाच त्यांचा नमस्कार. पिंपळनेरला मी मास्तर म्हणून नवीनच आलो होतो आणि नाना माझे शेजारी. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी काडीपेटी काढून घेतली आणि कुंपणाबाहेरच्या दगडावर ठेवली. "गुरुजी, गोबरगॅस शे. भडका व्हई जाई."

सरकारी अनुदानातून आमच्या भागातला पहिला गोबरगॅस नानांनी बसवला होता. शेजारच्या बायका म्हणत, शेणाच्या गॅसवरची भाकरी आम्हाला नको बाई. पोरं लांबूनच ती लोखंडी टाकी बघून जात. टाकीजवळ कुणी फिरकलं की नानांना घाम फुटे. एवढी धास्ती होती तर हा उपद्व्याप केलाच कशाला, असं मला वाटे. त्यांच्या धाकाने मीही माझ्याच घरात बिडी ओढायला घाबरू लागलो.

एकदा ताक मागायला मागच्या दाराने गेलो, तर नानांच्या बायको, अक्का, चुलीत फुंकर मारत बसलेल्या. डोळे लाल झालेले. गॅसच्या शेगडीवर लोणच्याची बरणी ठेवलेली होती.

"टाकीले भोक पडनं, गुरुजी," अक्का हळूच म्हणाल्या. "पोळापासून गॅस नही. कोनले सांगू नका. नहीते पोऱ्या मोऱ्याले इकी देई."

मोऱ्या म्हणजे त्यांचा म्हातारा बैल. घरात ट्रॅक्टर आल्यावर मुलाने, सुरेशने, त्याचा जोडीदार विकून टाकला. मोऱ्या वाचला तो केवळ शेणासाठी; एकट्या म्हशीच्या शेणावर गॅस भागत नसे. टाकी दुरुस्त करायला माणूस बोलवावा, तर गावभर बोभाटा. म्हणून भडक्याची भीती घालून नाना सगळ्यांना लांब ठेवत होते.

सुरेश धुळ्याला नोकरीला होता. एका रविवारी तो बैलांच्या व्यापाऱ्याला घेऊनच आला. नानांनी मला हाक मारून जवळ बसवलं.

"मोऱ्या गया ते गॅस बंद पडी," नाना म्हणाले.

सुरेशने मला विचारलं, "गुरुजी, गॅस खरंच चालतो का?"

"झकास चालतो," मी म्हणालो. मास्तरकीला न शोभणारं खोटं होतं, पण नानांचा चेहरा बघवत नव्हता.

"मग गॅसवरचा चहा होऊ द्या की."

झालं! नाना उठून गोठ्यात गेले आणि मोऱ्याच्या गळ्यात हात टाकून उभे राहिले. आता काय होणार या काळजीने मला बसवेना आणि उठवेना.

अक्कांनी चहा आणला. पहिल्याच घोटाला धूर लागला. व्यापाऱ्याने तोंड वाकडं केलं. सुरेशने कपात बघितलं, आईच्या डोळ्यांकडे बघितलं, मग गोठ्याकडे. धुळ्याला गेल्यापासून तो घरातही शुद्ध बोलत असे.

"नाना," त्याने हाक मारली, "गॅसना चहा मस्त शे. मोऱ्याले ऱ्हाऊ द्या."

नानांना गोठ्यातून बाहेर यायला बराच वेळ लागला.