जयगडचा एकही बैल नाही

आखातातल्या शुवैख बंदरावर बैल उतरला की दाऊदचाचा आधी त्याला गाव विचारत. "गाव खयचा तुझा?" बैल कशाला सांगतोय! मग त्याची शिंगं, वशिंड, चाल बघून चाचा स्वतःच आपल्या मुलखातला एखादा गाव ठरवून टाकत. तुरुतुरु चालणारा कर्ल्याचा. नाक वर करून उभा राहणारा पावसचा. खायला सगळ्यांच्या पुढे असला की हमखास राजिवड्याचा. चाचांची सासुरवाडी राजिवड्याला.

साठ सालानंतरची गोष्ट. एका अरबी व्यापाऱ्याकडे मी टायपिस्ट होतो आणि चाचा त्याच्या गोठ्याचे राखणदार. मी घरी पुण्याला पत्रात 'आयात-निर्यात' एवढंच लिहीत असे. इराणहून बोटीने बैल येत, चारा खाऊन अंगानं भरत आणि खाटकाकडे जात. तोवर चाचा त्यांच्याशी दिवसभर आपल्या बोलीत गप्पा मारत. पावसच्याशी तर रीतसर भांडत. "तुमी पावसवाले पयल्यापासून शिष्ट," असं बैलाला सुनावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मला मात्र त्यांनी कधी गाव विचारला नाही. खोटं कशाला बोलू, मला ते लागायचं.

एकदा मी म्हटलं, "चाचा, तुमच्या जयगडचा एकही बैल कसा नाही?"

"गाववाल्याला काय खाटकाच्या हाती द्यायचा?" ते म्हणाले. "जयगडचा तो आपला. त्याला सोडायचा नाय."

मग सरकारचं धोरण फिरलं. चाऱ्यावरची सवलत गेली आणि ती परदेशातून येणाऱ्या गोठवलेल्या मांसाला मिळू लागली. बैल पोसण्यापेक्षा खोकी मागवणं मालकाला स्वस्त पडू लागलं, तेव्हा त्यानं गोठाच मोडायचं ठरवलं. चाचांची नोकरी राहिली, पण शीतगृहाच्या दारावर.

"खोक्याला काय विचारू?" एवढंच ते म्हणाले.

शेवटचा बैल नेमका पावसचा. चाचांनी त्याला पाणी पाजलं. "भांडलो ता मनात ठेवू नको," म्हणाले आणि दोर खाटकाच्या हातात दिला.

संध्याकाळी मी रिकाम्या गोठ्यात गेलो. चाचा गव्हाणीवर एकटेच बसले होते. मी शेजारी जाऊन बसलो. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं, जणू मी आत्ताच बोटीतून उतरलो होतो.

"जोशी, गाव खयचा तुझा?"

मी पुणे म्हणणार, तोच त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"जयगडचा तू," ते म्हणाले.