चौतीस पानांचा ठराव आणि एक हापसा

आमच्या गावाची ग्रामसभा आजवर पारावर भरत होती. हे मागासलेपण असल्याचं सरपंच अण्णाराव यांच्या लक्षात दिल्लीत आलं. तिथं गॅलरीत बसून त्यांनी अर्धा तास संसद पाहिली. त्यानंतर बिलोली तालुक्यातल्या आमच्या वाडीला अधिवेशनं लागली: पावसाळी, हिवाळी आणि सरपंचांना सवड होईल तेव्हा विशेष.

कामकाजाला शिस्त आली. प्रश्न पंधरा दिवस आधी लेखी द्यायचा. अधिवेशनाची तारीख मात्र तीन दिवस आधी दवंडीनं कळायची.

अमीरबीला एकच प्रश्न विचारायचा होता. तिच्या गल्लीतल्या एकुलत्या एक हापशाभोवती चुन्याची रेघ कुणी मारली? हापसा सरपंचांच्या नव्या गेटच्या आड येत होता. साठीनंतर अक्षरं शिकलेल्या मी तिचा अर्ज लिहून दिला.

उपसरपंच भुजंगनं तो परत केला. "बारा दिवस उशीर झालाय. पुढच्या अधिवेशनात द्या."

"ते कवा हाय?"

"ते आधी सांगत नसतेत, भाभी. दिल्लीतबी असंच हाय."

अधिवेशन भरलं. अकरा वाजता चौतीस पानांचा 'सार्वजनिक जल सुव्यवस्था ठराव' वाटला गेला. अकरा वाजून पाच मिनिटांनी चर्चा संपली. पंचाक्षरी गुरुजींनी तो समितीकडं पाठवा म्हटलं. मागणी लगेच मान्य झाली. समिती, म्हणजे भुजंग आणि त्याचा मेहुणा, चिंचेमागं जाऊन आली. ठराव निर्दोष निघाला.

मी बोट ठेवत दुसरं पान संपवत होतो. सरपंच म्हणाले, "जे बाजूनं हायत त्यांनी हो म्हणा." तेवढ्यात किटली आली. भुजंग म्हणाला, "आल्याचा हाय, घ्यायचा ना?"

सभागृह एका सुरात हो म्हणालं. मीही म्हणालो. एकटी अमीरबी "नको" म्हणाली. तिला चहा मिळाला नाही.

"एकमतानं मंजूर," सरपंच म्हणाले.

"सरपंचसाब, माझं वाचून व्हायचंय."

"आता काय घाई हाय, काका? मंजूर झालंय, निवांत वाचा."

मी घरी रोज चार पानं वाचली. आठव्या दिवशी तेहेतिसावं पान आलं: सदर हापसा काढण्यात यावा. शेवटच्या पानावर लिहिलं होतं: आक्षेप असल्यास सात दिवसांत कळवावा.

कागद घेऊन धावलो. जेसीबीनं हापसा उपटून आडवा टाकला होता. अमीरबी रिकामी घागर घेऊन उभी होती.

"काका, तुमाला तर वाचता येतंय ना?"

"येतंय. पर येळ लागतो."

"मग भरभर वाचणारे कुठं हायत?"

ही गोष्ट इथवर वाचायला तुम्हाला दोनच मिनिटं लागली असतील. ती अजून तिथंच उभी आहे. तिला कुणाचं नाव सांगू?