फ्रीजर हंगेरीला नेला तेव्हा

फ्रीजर हंगेरीला नेऊन ठेवावा ही कल्पना सर्वस्वी माझी. विजेचं बिल हातात घेऊन मी तळघरात उतरलो होतो आणि तो जुना फ्रीजर कोपऱ्यात घरघरत होता. (बिल वाचून मीही थोडा घरघरत होतो.) आमचं गाव ऑस्ट्रियाच्या अगदी टोकाला. वीस मिनिटं गाडी हाकली की हंगेरीतलं शोप्रोन, आणि तिथे घरगुती वीज आमच्या निम्म्याहून स्वस्त. वर तिथे माझा मेहुणा बर्तालान एकटाच राहतो. मग इथे पैसे कशाला जाळायचे?

बायको, एतेल्का, मुलीच्या लग्नाच्या खरेदीला ग्राझला गेली होती. तिला विचारलं असतं तर ती नको म्हणाली असती, म्हणून विचारलं नाही. सासूबाई गेल्यापासून या बहीणभावाचं बोलणं बंद होतं. भिंतीवरचं घड्याळ कुणी न्यायचं, यावरून दोघं दफनाच्या दिवशीच भिडले होते.

शेजाऱ्याची गाडीमागे जोडायची ट्रॉली मागून आणली, फ्रीजर पांघरुणांत गुंडाळला आणि भरलेलाच नेला. बर्तालान दारात उभा राहून बघतच राहिला.

"हे काय आणलंस?"

माझं हंगेरियन सासुरवाडीच्या जेवणाच्या टेबलावर शिकलेलं. वाढण्यापलीकडे ते फारसं जात नाही. मला म्हणायचं होतं, 'सांभाळ'. तोंडून गेलं, "ठेवून घे."

त्याने आणखी काहीतरी विचारलं. त्यातलं बायकोचं नाव तेवढं मला कळलं. प्रश्न कळला नाही की मान डोलवायची ही माझी जुनी खोड. डोलवली. त्याचे डोळे भरून आले. मला वाटलं, पांघरुणातली धूळ गेली असेल.

चार दिवसांनी एतेल्का परतली आणि तळघरात गेली. वर आली तेव्हा तिचा आवाज अगदी हळू होता.

"गॉटफ्रीड, फ्रीजर कुठाय?"

मी तिला विजेचे दर सांगितले. दोन्ही देशांचे.

"त्यात आईने केलेले जर्दाळू भरलेले गोड गोळे होते. तिच्या हातचे शेवटचे. लग्नात मुलीच्या ताटात वाढायला ठेवले होते मी."

मी विजेचं बिल घडी करून खिशात घातलं. तिने गाडीची किल्ली माझ्या हातात दिली आणि आम्ही शोप्रोनला निघालो.

बर्तालानने दार उघडलं आणि ती काही म्हणायच्या आत तिचे हात धरले. तो इतका सावकाश बोलला की मलाही सगळं कळलं.

"पिशवीवर आईचं अक्षर होतं. रोज दोनच खाल्ले, ताई. काल संपले. तू गॉटफ्रीडबरोबर पाठवशील असं वाटलं नव्हतं. फोन मीच आधी करायला हवा होता."

एतेल्काने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

"हो, मीच पाठवले," ती म्हणाली. "तुला आवडतात ना." आणि मग त्याच्या खांद्यावर डोकं टेकून ती रडली.

लग्नात आम्ही दुकानातले गोळे वाढले. एतेल्काने एक चाखला आणि बशी हळूच बाजूला सारली. आजीच्या हातचं नातीच्या ताटात पडलं नाही ते माझ्यामुळे.

बहीणभाऊ आता दर रविवारी तासभर फोनवर बोलतात. विषय शोधावा लागत नाही. मी समोरच बसलेलो असतो.