पंपांच्या मुलखातून एकटीची स्वारी

सकळ वाचकांस विदित व्हावे की, थोर मोहिमांची वर्णने उदंड जाहली, परंतु एक बाई एकटी फिरावयास निघाली आणि तीस एकटे म्हणून कोणी राहू देईना, हा बाका प्रसंग कोणी लिहिला नाही. सबब आम्हीच लेखणी उचलली. वाचणाराने मध्येच उठू नये.

दातांच्या डॉक्टरांचे दवाखान्यात नंबर पुकारण्याची कामगिरी धाकट्या बाईसाहेबांकडे होती. दिवसभर सुजलेले गाल समोर, आणि घरी येताच सारे गणगोत भोवती, ऐशात एकटीने सुखाचा घास खाणे त्यांस जन्मात घडले नव्हते. मग एके दिवशी त्यांनी जाहीर केले की, "मी पाठीला बॅग लावून बेटं बघायला जाणार, आणि एकटी जाणार." दिवाणखान्यात हाहाकार जाहला. मातोश्रींनी अन्न वर्ज्य केले, तेही दोन जेवणांच्या मधल्या वेळेपुरते. थोरले मेहुणे मात्र गालात हसले. ते पाण्याचे पंप विकीत, आणि दर्याकिनारी वा नदीकाठी त्यांचे गिऱ्हाईक नाही ऐसे ठाणे विरळा.

स्वारी पहिल्या बेटास लागली, तो धक्क्यावर एक असामी छत्री आणि जेवणाचा डबा घेऊन खडी. मेहुण्यांचा खलिता मोबाइलवर आधीच दाखल जाहला होता. त्याने समोर बसून आग्रहाने डबा रिता करविला, आणि मग अदबीने अर्ज गुदरला की पंप खडखड करतो. दुसऱ्या बेटावर खानावळीची मालकीण सहकुटुंब हजर, आणि तिचा पंप हवा ओढीत होता. तिसऱ्या बेटी बाईसाहेब दोन माडांमध्ये झोळी बांधून पहुडल्या, तो खालून आवाज आला की, "ताई, वॉशर आणलाय का?"

पंपाचे ज्ञान बाईसाहेबांस काडीचे नव्हते, परंतु गळ्याशी आल्यावर माणूस काय शिकत नाही? त्या वॉशर बदलू लागल्या. नदीच्या मुखाशी पोहोचेतो कीर्ती ऐसी पसरली की घाटावर माणसे बिघडलेले पंप काखोटीस मारून रांगेत उभी, आणि बाईसाहेब सवयीने नंबर पुकारू लागल्या. आपण काय करतो हे ध्यानी येताच त्यांस रडू कोसळले.

मग डोळे पुसून त्यांनी होडीवाल्यास बाजूला घेतले आणि पुसिले, "जिथं एकही पंप नाही असं गाव आहे का हो?"

"आहे एक, नदीवर आत. विहिरीवर बादलीनं पाणी ओढतात," तो म्हणाला. "पण ताई, तिथं तुम्हाला विचारणारं कोणी नाही."

तिकडेच नाव हाकावी, ऐसा हुकूम सुटला.

मेहुण्यांची फौज पुढल्या धक्क्यावर डबे घेऊन तिष्ठत राहिली, आणि बाईसाहेब त्या गावी उतरल्या. कोणी सामोरे आले नाही. खानावळवाल्याने भात आणि तळलेला मासा पुढ्यात ठेविला आणि तो आत निघून गेला. बाईसाहेबांनी नदीकडे तोंड करून, बोटे चाटीत, ऊन ऊन भात एकटीने खाल्ला, आणि आग्रह करणारे कोणी नव्हते म्हणून आणखी मागितला. फार फार बरे वाटले.

मग फत्तेची खबर मातोश्रींस फोनवरून दिली. त्या घरी वाढण्याची कामगिरी मातोश्रींकडे, आणि सर्वांचे उरकून अन्न निवाले म्हणजे त्या ताटावर बसत.

"गरम होता का गं भात?" त्यांनी हळूच विचारले.

"वाफा येत होत्या, आई."

"तिथं कसं जायचं ते सांगून ठेव. आणि जावईबापूंना बोलू नकोस."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. पुढे मातोश्रींची स्वारी पाठीस तीच बॅग लावून त्याच गावी उतरली. धक्क्यावर घ्यावयास कोणीही नव्हते. हा बंदोबस्त खुद्द बाईसाहेबांनी केला होता. भात ऊन होता, हे वर्तमान खरे म्हणून येथे नोंदले असे.