वेळेत परत केलेली गाडी

उसन्या वस्तूंबद्दल मला कुणी शिकवू नये. बावीस वर्षं मी वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसतो आहे. दुसऱ्याची वस्तू कशी आणावी, कशी जपावी आणि कोणत्या तारखेला परत करावी, यात माझा हात धरणारा अजून जन्मायचा आहे! त्यामुळे गाडीचा प्रश्न आला तेव्हा मी घरात जाहीर केलं की यात कुणी डोकं घालायचं नाही. गाडी आणि पुस्तक यांच्यात फरक एवढाच, की पुस्तकाला चाकं नसतात. विकत घ्यायचं की वापरून परत करायचं, हे ठरवण्यात माझी हयात गेली आहे.

प्रश्न तसा बायकोचा होता. ती फिजिओथेरपिस्ट. नऊ वर्षं तिने रुग्णालयाच्या तळघरात, खिडकी नसलेल्या खोलीत लोकांचे गुडघे वाकवले. आता तिला पेशंटच्या घरी जाऊन उपचार करण्याचं काम मिळत होतं. अट एकच, दाराशी गाडी हवी. महिनाभर काम पाहणार, आणि तीस तारखेला विभागाच्या मोठ्या बाई स्वतः तिच्या गाडीत बसून दिवसभर फिरणार. जमलं तर कायम, नाही तर पुन्हा तळघर. आमच्या जुन्या गाडीने नेमका हाच मुहूर्त साधून रुग्णालयाच्या फाटकातच प्राण सोडला. भंगारवाल्याने तिच्याकडे पाहिलं तेव्हा त्याचाही चेहरा पडला होता.

मी मार्ग काढला. गाड्या कंत्राटाने देणाऱ्या एका कंपनीची योजना होती. नवी कोरी गाडी महिनाभर वापरून बघा. महिना संपला की तीन रस्ते. परत करा, तीन वर्षांच्या भाड्याच्या कंत्राटावर ठेवा, नाही तर कंपनीला किंमत देऊन घेऊन टाका. म्हणजे बायकोची महिनाभराची सोय झाली आणि मला विचार करायला तीस दिवस मिळाले.

गाडी आली त्या संध्याकाळी मी तिला खाकी कागदाची कव्हरं घातली. सीटना, पायांखाली आणि दारांच्या आतल्या बाजूंना. काचेच्या आत, वरच्या कोपऱ्यात, परतीच्या तारखेची चिठ्ठी चिकटवली. घरात दाराशी एक नोंदवही ठेवली; निघताना किती किलोमीटर, परतल्यावर किती, आणि शेवटी सही. कारण महिन्याला हजार किलोमीटरची मर्यादा होती आणि त्यापुढे प्रत्येक किलोमीटरला दंड. बायकोने पहिला आठवडा निमूटपणे सह्या केल्या. दुसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, पेशंटच्या घरी जाताना कागदांचा एवढा आवाज होतो की लोकांना वाटतं भेटवस्तू आली.

मग मी तक्ता केला. पहिला रकाना कंत्राटाचा. सर्व्हिसिंग, टायर, विमा, सगळं कंपनीचं; आपण फक्त बसायचं. पण मोजूनमापून फिरायचं, ओरखडा उठला की भरपाई, आणि तीन वर्षांनी हातात काय, तर आठवणी. दुसरा रकाना कर्जाचा. गाडी आपली, पण पाच वर्षं तिच्याकडे बघताना बँक आठवणार. तिसरा रकाना रोखीचा. त्यात लिहायला काहीच नव्हतं, म्हणून मी तो पहिल्याच दिवशी बंद केला.

आता तुम्ही म्हणाल, दोनच तर उरले, उचला एक. तेच तर अवघड होतं! सोमवारी कंत्राट जिंकायचं. मंगळवारी मला आठवायचं की विकत आणलेलं पुस्तक माणूस कधीच वाचत नाही, उसनं आणलेलं मात्र तारखेच्या धाकाने पुरं करतो. म्हणजे पुन्हा कंत्राटच. बुधवारी वाटायचं, पण समासात चार ओळी लिहायच्या तर पुस्तक स्वतःचंच लागतं. मग कर्ज. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तिसऱ्या आठवड्यात माझ्या तक्त्याला चौदा रकाने झाले होते आणि त्यांतले सहा कशाचे आहेत हे मलाच सांगता येत नव्हतं.

त्यात घरातली माणसं बोलायची. बायको मध्येच काहीतरी सांगायला यायची. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, बँकेत आहे. तो आला की व्याजदर सांगायचा. माझी बेरीज मोडायची. शेवटी मी वाचनालयाच्या अडगळीतली एक जुनी पाटी घरी आणली आणि जेवणाच्या टेबलावर उभी केली. ‘शांतता राखा.’ निर्णय होईपर्यंत गाडी या विषयावर कुणी माझ्याशी एक शब्दही बोलायचा नाही, असा नियम केला.

नियम घरात चांगला पाळला गेला, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. बायको एकदा म्हणाली, “अहो, त्या गाडीचं…” मी पाटीकडे बोट दाखवलं. दुसऱ्यांदा ती नुसतीच दारात उभी राहिली. मी तोंडावर बोट ठेवलं. तिसऱ्यांदा तिने एक चिठ्ठी आणून माझ्यापुढे ठेवली. न बोलता! मला इतकं समाधान वाटलं की मी ती चिठ्ठी, चालू पानाची खूण म्हणून, नोंदवहीत घालून ठेवली. वाचायची राहिली.

या चिठ्ठीच्या चार दिवस आधी मेहुणा कागदांचा गठ्ठा घेऊन आला होता. पाटी बघून तो कुजबुजत बोलत होता. “भावोजी, इथे. आणि इथे. आता इथे.” मी सह्या करत गेलो. मला वाटलं, बँकेकडून कर्जाची माहिती मागवण्याचे अर्ज असतील. एवढ्या माहितीला एवढे अर्ज लागणारच. जाताना त्याने माझा हात दाबून हळूच अभिनंदन केलं. चौदा रकाने सरळ रेषेत आखणं सोपं नसतं, त्यामुळे मी ते स्वीकारलं.

अशा रीतीने तीस तारीख उजाडली आणि निर्णय झालेला नव्हता.

पण निर्णय झाला नाही म्हणून तारीख चुकवायची? बावीस वर्षं मी लोकांकडून उशिराचा दंड घेतला आहे. एका म्हाताऱ्या गृहस्थांना पाय मोडला असतानासुद्धा सोडलं नाही. आणि माझीच वस्तू मुदतीबाहेर? मी हिशेब केला. सकाळी गाडी परत करायची, लगेच नवा अर्ज करून आणखी महिनाभर मागायची; वाचनालयात पुस्तक बदलून घेतात तसं. दहा वाजता मोठ्या बाई यायच्या आत गाडी पुन्हा दारात. बायको आंघोळीला गेली होती. मी कागदी कव्हरं काढली, सीटच्या फटीतला बिस्किटाचा कण चिमट्याने उपसला, गाडी धुतली आणि साडेआठला कंपनीच्या काउंटरवर हजर झालो.

काउंटरवरच्या चष्मेवाल्या मुलीने गाडीचा नंबर टाकला, पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काहीतरी विचारायला लागली. मी हात वर केला. जो माणूस वेळेत परत करायला येतो त्याला मी स्वतः कधी प्रश्न विचारत नाही. तोच मान मला मिळावा, एवढीच अपेक्षा होती. तिने पुन्हा तोंड उघडलं. मी ओठांवर बोट ठेवलं.

“म्हणजे गाडी आमच्याकडे ठेवायची आहे?” तिने तरीही विचारलंच.

“त्यासाठीच आणली आहे.”

“कमीत कमी एक वर्ष ठेवावी लागेल, सर. घरी विचारलंय ना?”

कंपनीने आपली गाडी किती दिवस ठेवावी, हे मला कशाला विचारायचं? “वर्षभर ठेवा, दहा वर्षं ठेवा,” मी म्हणालो. “घरातले निर्णय मी घेतो. सही कुठे करायची ते सांगा.”

तिने दाखवलं तिथे मी सह्या केल्या. किल्ल्या दिल्या, जादा किल्लीसुद्धा दिली. मग नव्या महिन्याचा अर्ज मागितला, तेव्हा ती म्हणाली की ती योजना नव्या गिऱ्हाइकांसाठी आहे, तुम्हाला नाही मिळणार. तिथे मात्र मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वानऊ वाजले होते.

मी घरी पोचलो तेव्हा बायको इस्त्रीची पांढरी साडी नेसून, उपचारांची बॅग खांद्याला लावून फाटकात उभी होती.

“गाडी कुठे आहे?”

“परत केली. मुदत आज संपत होती.”

“कुणाला परत केली?”

“कंपनीला. कुणाला म्हणजे?”

बॅग खाली ठेवून ती आत गेली आणि माझी नोंदवही घेऊन आली. चालू पानावरची चिठ्ठी काढून तिने माझ्या हातात दिली. चिठ्ठीत लिहिलं होतं: ‘महिन्याला हजार किलोमीटर मला पुरत नाहीत. कर्ज मंजूर झालं. गाडी घेतली. आता मोजणं थांबवा.’

माझी नोकरी जुनी म्हणून कर्ज माझ्या नावावर, गाडीही माझ्या नावावर. मेहुण्याच्या गठ्ठ्यातल्या सह्या या कर्जाच्या होत्या. कंपनीला परवाच बँकेकडून पूर्ण पैसे पोचले होते. म्हणजे मी आज सकाळी, स्वतःची गाडी, धुऊनपुसून, जादा किल्लीसकट लोकांना देऊन आलो होतो. आणि तरीही, खरं सांगतो, माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की चला, निर्णय तरी झाला.

टॅक्सीत ती माझ्याकडे बघत नव्हती. एकदाच म्हणाली, “मला त्या तळघरात परत जायचं नाहीये.” ती चिडली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. हे ऐकून मला फार वाईट वाटलं.

आम्ही कंपनीत पोचलो तेव्हा आमची गाडी मागच्या आवारात उभी होती आणि एक माणूस तिच्या दोन्ही दारांवर मोठाले स्टिकर चिकटवत होता. ‘ही गाडी भाड्याने मिळेल.’ खाली फोन नंबर. कंपनीची आणखी एक योजना होती म्हणे: मालकांनी आपल्या गाड्या वर्षभरासाठी कंपनीकडे ठेवायच्या, कंपनी त्या भाड्याने देणार, आणि भाड्यातला काही हिस्सा मालकाला. मी त्या योजनेत सामील झालो होतो. वर्ष संपेपर्यंत गाडी काढून घेता येत नव्हती.

“मी तीनदा विचारायला गेले, मॅडम,” चष्मेवाली मुलगी बायकोला म्हणाली. “सरांनी तोंडावर बोट ठेवलं.”

“मला माहीत आहे,” बायको म्हणाली. त्या दोघींचं एकदम जमलं. मला ते आवडलं नाही.

मग गाडी मिळायचा उपाय काय? उपाय एकच होता. ती भाड्याने घ्यायची! वर्षाच्या कंत्राटावर. गिऱ्हाईक अजून ठरलेलं नव्हतं, एवढं नशीब. बायकोने कंत्राट उभ्या उभ्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत, खालच्या बारीक अक्षरांसकट वाचलं. आमच्या घरात ही पद्धत मला नवीन होती. मुलीने कागद दोघांच्या मध्ये सरकवला आणि म्हणाली, “मालकांनी डावीकडे सही करायची, भाडेकरूंनी उजवीकडे.” आम्ही केल्या. मालकाच्या कुटुंबाला भाड्यात दहा टक्के सूट आहे, हेही तिने सांगितलं. मी आनंदाने बायकोकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं.

स्टिकर काढायला वेळ नव्हता. भाडेकरूने मालकाला गाडीत घेतलं नाही. मी फूटपाथवर उभा राहिलो आणि आमची गाडी स्वतःची जाहिरात करत कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली. दहाला सात मिनिटं कमी होती. आयुष्यात कुणी वेळेत पोचावं असं मला इतकं मनापासून कधी वाटलं नव्हतं.

पुढचं मला संध्याकाळी कळलं. ती चार मिनिटं उशिरा पोचली. मोठ्या बाईंनी दारावरचा स्टिकर वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला, आणि विचारलं, “गाडी तुमची स्वतःची की भाड्याची?”

बायको म्हणाली, “दोन्ही.”

बाई दार उघडून आत बसल्या. दिवसभरात पाच घरं झाली. एका सुताराने, ज्याचा नवा गुडघा तीन आठवडे हलत नव्हता, बाईंना दाखवायला म्हणून तीन जिने उतरून दाखवले. संध्याकाळी बायको कायम झाली. ती दारातून आत आली आणि हसली तेव्हा मला इतकं हलकं वाटलं, की मी माझा चौदा रकान्यांचा तक्ता आपण होऊन फाडला.

आता सगळं सुरळीत चाललं आहे. म्हणजे बघा, बायको कंपनीला भाडं देते. कंपनी त्यातून आपला वाटा काढून उरलेलं मला देते. मी त्यात भर घालून बँकेला देतो. गाडी त्याच दारात, त्याच जागी उभी असते. कंत्राट बरं की विकत बरं, असं मला आता कुणी विचारलं तर मी पाण्याचा पेला उचलतो आणि हळूहळू पितो.

फक्त मागच्या आठवड्यात कंपनीचं एक पत्र आलं, माझ्या नावाने. ‘प्रिय मालक, आपली गाडी वापरणाऱ्या भाडेकरूने ठरलेल्या किलोमीटरची मर्यादा सलग दुसऱ्या महिन्यात ओलांडली आहे. सदर भाडेकरूस आपण समज द्यावी की आम्ही द्यावी, ते कृपया कळवावे.’

पत्र घेऊन मी जेवणाच्या टेबलाशी गेलो. बायको जेवत होती. मी घसा साफ केला.

तिने मान वर न करता, डाव्या हाताने, टेबलाखालून पाटी काढली आणि माझ्यासमोर उभी केली.