जंगलश्रीचा खुराक

एका जंगलात, म्हणजे ज्याला अजून कुणी रिसॉर्ट म्हणायला सुरुवात केली नव्हती अशा एका जंगलात, मुलांनो, वेणू नावाची धनेश पक्षीण राहत होती.

धनेश तुम्ही पाहिला नसेल. भली मोठी पिवळी चोच असते. उडताना पंखांचा आवाज असा होतो की दूर कुठे लोहाराचा भाता चालू आहे असं वाटावं. वेणूला नवऱ्याच्या पंखांचा आवाज सगळ्या आवाजांतून ओळखू येई.

या पक्ष्यांची एक रीत आहे. अंडी घालायची वेळ आली की मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. नर बाहेरून चिखल आणून देतो. शेवटी एक फट तेवढी उरते. चोच बाहेर निघेल एवढी. मग मादी आपली पिसं गाळते. नवी पिसं येईपर्यंत तिला उडता येत नाही. नराने रोज उंबरं आणायची, सरडे आणायचे आणि फटीतून भरवायचे. त्याने आणलं तर आतले जगतात. नाही आणलं तर मरतात.

या व्यवस्थेला जंगलात विश्वास म्हणत. आत बसणारीने तो ठेवायचा, बाहेर फिरणाऱ्याने तो उपभोगायचा. मोठेपणी तुम्हाला ही व्यवस्था इतरही ठिकाणी दिसेल. तेव्हा आश्चर्य वाटल्याचं दाखवू नका. लोक तुम्हाला असंस्कृत म्हणतील.

वेणूचा नवरा बळवंत. तो वाईट नव्हता. पहिले काही दिवस गळाभरून उंबरं आणी, एकेक करून तिच्या चोचीत ठेवी आणि लगेच पुन्हा उडे. वेणू अंड्यांवर बसून म्हणे, आपलं नशीब चांगलं.

उंबराच्या झाडाखाली तळं होतं. तळ्याकाठी गवा उस्तादाची तालीम होती. अलीकडे तिला तालीम म्हटलेलं उस्तादाला आवडत नसे. पाटीवर ‘पोलाद फिटनेस’ असं लिहिलं होतं. गव्याचे खांदे म्हणजे काय विचारता. सूर्य त्यांच्याआडून उगवे. आता गवा जन्मतःच तसा असतो. गवत खातो आणि उभा राहतो. या उस्तादाने आयुष्यात एक जोर काढलेला नव्हता. म्हणूनच इतरांना जोर काढायला लावण्याचा अधिकार जंगलाने त्याला एकमताने दिला होता.

एके सकाळी उस्तादाने बळवंताला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. तो म्हणाला की शरीर राजाचं आहे, पण याने त्याला हमालीला लावलंय.

झालं. हमाल म्हटलेलं कुणाला आवडतं? बळवंताने दुसऱ्या दिवसापासून तालीम धरली. चोचीने दगड उचलायचे, फांदीला लटकून अंग वर ओढायचं आणि मग छाती फुगवून तळ्यात बघायचं. यातलं तळ्यात बघणं सगळ्यांत जास्त वेळ चाले.

ढोलीत अंडी फुटली. दोन पिलं झाली. आणि नेमका त्याच सुमारास फटीतून येणारा घास कमी झाला.

“अहो, आज एवढंच?” वेणूने विचारलं.

“अगं, उस्तादांनी खुराक वाढवायला सांगितलाय. स्नायू काय हवेवर येतात?”

“आणि सरडा? पिलांना सरडा लागतो.”

“सरड्यात प्रोटीन असतं,” बळवंत म्हणाला. जणू त्यामुळेच तो पिलांना देण्यासारखा नव्हता. “आणि तू तर दिवसभर बसूनच असतेस. बसणाऱ्याला असं किती लागतं?”

मग त्याने फटीसमोर वळून दाखवलं आणि खांद्यावरच्या स्नायूंचा कट दिसतो का म्हणून विचारलं. फटीतून वेणूला एका वेळी नवऱ्याचा थोडासाच भाग दिसे. कधी खांदा, कधी छातीची एक बाजू. तोंड तर बरेच दिवस दिसलं नव्हतं. थोरल्या पिलाचा असा पक्का समज झाला होता की बाबा म्हणजे एक खांदा.

दिसतो, छान दिसतो, असं वेणू म्हणाली. असं म्हटलं की तो खूश होई आणि एखादं उंबर जास्त देई. तिने नवऱ्याचं कौतुक पिलांच्या पोटासाठी केलं. याला तुम्ही खोटेपणा म्हणाल. म्हणा. तुम्ही जेवून आला आहात.

त्याच झाडावर वरच्या बेचक्यात काशीताई शेकरू राहत होती. तिचं घरटं, तिची पोरं, तिचा व्याप. पण बाळंतिणीची चौकशी करायला ती रोज खाली येई. एकदा तिने सहज विचारलं, “वेणू, डिंक कसा होता गं? बाभळीचा होता, खास बाळंतिणीसाठी काढलेला.”

“कुठला डिंक?”

काशीताई फटीजवळ सरकली. मग तिने हळूहळू सगळं सांगितलं. डिंक तिने बळवंताच्या चोचीत स्वतः ठेवला होता. सशिणीने कोवळी पानं दिली होती. अस्वलाच्या घरून मध आला होता. बाळंतीण कोंडलेली आहे, तिला पोचवतो, असं सांगून बळवंत घरोघरी जात होता आणि उस्तादाच्या तालमीत बसून खात होता. सगळ्या जंगलाला वाटत होतं, काय काळजी घेतो बायकोची.

संध्याकाळी वेणूने विचारलं. बळवंताला जराही लाज वाटली नाही. डिंक कडक होता, तुला पचला नसता, असं तो म्हणाला. मग आवाज मऊ करून त्याने समजावलं. ‘जंगलश्री’ची स्पर्धा तोंडावर आली आहे. एकदा किताब मिळू दे. मग मी तुमचाच. हे सगळं तरी मी कुणासाठी करतोय? उद्या साप आला तर लढायला अंगात ताकद नको?

“साप आला तर आम्हाला खाईल,” वेणू म्हणाली. “नाही आला तर आम्ही उपाशी मरू. तुम्ही नक्की कधी लढणार आहात?”

बळवंत म्हणाला, तुझा स्वभाव हल्ली फार नकारात्मक झालाय. आणि गेला.

वेणूला वाटलं, याहून वाईट काय होणार. तिला व्यायामशास्त्राची माहिती नव्हती.

स्पर्धा जवळ आली की अंगावरची चरबी उतरवतात, म्हणजे कातडीखालची एकेक शीर दिसते. उस्तादाने बळवंताचं खाणं बंद केलं. वेणूला वाटलं, चला, आता तो खात नाही म्हणजे आपल्याला मिळेल. बळवंत आला तो रिकाम्या चोचीने. आता पंखांचा आवाजही भात्यासारखा राहिला नव्हता. जड अंगाने तो दोन फांद्या उडे आणि तिसरीवर बसून धापा टाके.

“उंबराकडे फिरकायचंसुद्धा नाही, असं उस्तादांनी बजावलंय,” तो म्हणाला. “अन्न दिसलं की मन ढळतं.”

“मग आमच्यासाठी ढळू द्या थोडं.”

“एवढ्या तपश्चर्येवर पाणी सोडू? तूही जरा कळ सोस. आपण दोघं मिळून उपास करतोय असं समज.”

दोघं मिळून. मुलांनो, या दोन शब्दांवर जगातले किती संसार चालले आहेत याची कुणी मोजदाद केलेली नाही.

काशीताई फणसाचे गरे आणून देई. जांभळं देई. पण पिलांना सरडा हवा होता आणि शेकरूला शिकार येत नाही. तिने एकदा प्रयत्न करून पाहिला. सरडा पळाला, शेपूट तेवढी तिच्या पंजात राहिली. ती शेपूट वेणूने धाकट्याला भरवली. थोरला नुसता बघत राहिला.

स्पर्धेचा दिवस उजाडला. मंडप नेमका वेणूच्या झाडाखाली होता. अध्यक्षस्थानी बिबळ्यासाहेब होते. जंगलात कुठेही काहीही झालं तरी अध्यक्षस्थानी तेच असत. प्रत्येक सागाच्या पानावर त्यांचा शुभेच्छुक म्हणून पंजा उमटवलेला होता. पंच म्हणून वानर होते. बातमी द्यायला पोपट आले होते, कारण पोपटांना जे सांगितलं जाई तेच ते सांगत आणि हाच त्यांचा लौकिक होता. बक्षीस म्हणून व्यासपीठावर एक भली मोठी टोपली मांडली होती. उंबरं, कंद आणि वर जाडजूड सरडे.

वेणूला फटीतून फक्त एक खांब दिसत होता. बाकी तिने ऐकलं. शिट्ट्या ऐकल्या. उस्ताद ओरडून पवित्रे सांगत होता ते ऐकलं. मग बळवंत जंगलश्री झाल्याचं ऐकलं.

पोपटांनी विजेत्याला विचारलं की एवढी मोठी साधना आणि घरी तान्ही पिलं, हा समतोल तुम्ही कसा साधता?

बळवंत घसा खाकरून बोलू लागला. समतोल हा मनात असतो, तो म्हणाला. वेळेचं नियोजन करावं लागतं. कुटुंबाला मी नेहमीच पहिलं स्थान दिलं. आणि मग तो भरल्या गळ्याने म्हणाला, “या यशात माझ्या पत्नीचा वाटा मोठा आहे. इतक्या दिवसांत तिने एकदाही घराबाहेर पाऊल टाकून मला अडवलं नाही.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. सशिणीने डोळे पुसले.

ढोलीत धाकटं पिलू सकाळपासून ओरडत होतं. टाळ्या थांबल्या तेव्हा वेणूच्या लक्षात आलं की तेही थांबलं आहे. तिने चोचीने त्याला हलवलं. त्याने डोळे उघडले आणि पुन्हा मिटले.

वेणूने भिंतीवर चोच मारली.

ती भिंत तिनेच बांधली होती, म्हणून चांगली पक्की होती. चोचीला तडा गेला. पायाची नखं सोलवटली. वेणू मारत राहिली. काशीताई बाहेरून नखांनी उकरू लागली. उकरता उकरता म्हणत होती, अगं, पिसं नाहीत तुला, पडशील.

खालच्या सभेत चिखलाची ढेकळं पडू लागली. पहिलं ढेकूळ आभारप्रदर्शनावर पडलं.

मग लोकांनी पाहिलं. एक हाडांचा सापळा झालेली, बिनपिसांच्या पंखांची पक्षीण खोडाला नखं रोवत, घसरत, चोचीने आधार घेत खाली येत होती. वानर पंचांना वाटलं, ही उशिरा आलेली स्पर्धक. त्यांनी तिला वजनगट विचारला.

ती सरळ व्यासपीठावर चढली. नवऱ्याकडे पाहिलं. कित्येक दिवसांनी तिने त्याला अखंड पाहिलं. चांगला दिसत होता. मग तिने टोपलीतले दोन सरडे उचलले.

“बाई, ते बक्षीस विजेत्याचं आहे,” बिबळ्यासाहेब म्हणाले.

वेणूने सरडे खाली ठेवले. “साहेब, यांच्या अंगावर जे काही आहे ते माझ्या पिलांचं आहे. ते आता काढून घेता येत नाही. म्हणून हे नेते.”

तिने सरडे पुन्हा चोचीत धरले आणि झाड चढायला लागली.

साहेबांनी गर्दीकडे पाहिलं. टाळ्या वाजवाव्या की हुर्यो करावी हे गर्दीचं अजून ठरत नव्हतं. साहेब मुरलेले होते. त्यांनी टोपली स्वतःच्या पंजाने काशीताईपुढे सरकवली आणि पोपटांना नीट दिसेल असे उभे राहिले.

धाकट्याने त्या रात्री अर्धा सरडा खाल्ला. दुसऱ्या दिवशी उरलेला खाल्ला आणि थोरल्याच्या वाट्यावर चोच मारली. तेव्हा वेणूला पहिल्यांदा झोप लागली.

पोपटांनी मात्र जंगलभर तीन बातम्या सांगितल्या. साहेबांनी गरजू महिलेला खाद्यवाटप केलं. जंगलश्रीच्या सोहळ्याला घरच्या बाईच्या उतावळेपणामुळे गालबोट लागलं. आणि तरीही जंगलश्रीने चेहऱ्यावरचं हसू ढळू दिलं नाही. पुढे चौकशी समितीही बसली. भिंत एका बाळंतिणीला फोडता येते म्हणजे भिंतींचा दर्जा घसरला आहे, असा तिचा निष्कर्ष निघाला.

वेणूला उडता येत नव्हतं. ती चालत उंबराखाली जाई, चालत परत येई. सरड्यांमागे धावताना ती किती वेळा आपटली ते फक्त काशीताईला ठाऊक. नवी पिसं आली तोवर दोन्ही पिलं फांदीवर बसायला लागली होती. पावसाळा तोंडावर आला तसं दोघंही उडाली. त्या वर्षी बळवंताला ‘आदर्श पिता’ हा सन्मान मिळाला. ‘छंद, संसार आणि समतोल’ या विषयावर बोलायला त्याला शेजारच्या जंगलांतून आमंत्रणं येऊ लागली. तो गव्याच्या पाठीवर बसून जाई. तेवढं लांब उडणं आता त्याला झेपत नव्हतं.

पुढच्या हंगामात बळवंत चोचीत चिखल घेऊन ढोलीपाशी आला.

“आत तुम्ही बसा,” वेणू म्हणाली. “बाहेरचं मी बघते.”

बळवंत आधी हसला. मग तिच्याकडे बघून थांबला. “अगं, माझे खांदे आत मावणार नाहीत.”

“मग उतरवा,” वेणू म्हणाली आणि उंबराकडे उडून गेली.

तात्पर्य : छंद आणि संसार यांचा समतोल साधणं मुळीच कठीण नाही. छंद आपण सांभाळावा, संसार दुसऱ्याला सांभाळू द्यावा आणि त्या दुसऱ्याला पंख फुटायच्या आत पुढच्या स्पर्धेची तारीख जाहीर करावी.