एक डोक्यात, एक हातात

चौगुले अण्णा स्वतःच फोन करायचे आणि आपण उचलला की विचारायचे, "तुम्हीच कशावरून?"

"अहो अण्णा, सावंत बोलतोय. माझ्याच घरी फोन केलाय तुम्ही."

"ते झालं. पण सावंतच कशावरून? काल डब्यात काय हुतं तुमच्या?"

"भेंडी."

"भेंडी परवा. काल वांगं हुतं." आणि फोन बंद.

मग मीच उलट फोन करायचा, वांग्याची कबुली द्यायची आणि काय काम होतं ते विचारायचं. बहुतेक वेळा काम काहीच नसायचं.

आम्ही दोघं कोल्हापुरातल्या एका सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयात, कॉम्प्युटर विभागात होतो. दोन हजार सालानंतरची गोष्ट. संध्याकाळी एखाद्या शाखेचं काम अडलं, तर घरच्या फोनलाइनवरून बँकेच्या यंत्रणेत शिरता यावं म्हणून आम्हाला टोकनं मिळाली. टोकन म्हणजे किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवायची एवढीशी डबी. तिच्या काचेवर सहा आकड्यांचा नंबर, दर मिनिटाला बदलणारा. आत शिरायचं तर आपल्या डोक्यातला गुप्त नंबर आणि त्या घटकेला डबीवर दिसणारा नंबर, दोन्ही लागायचे. डबी चोरून उपयोग नाही, नुसता गुप्त नंबर फोडूनही नाही.

पुण्याहून शिकवायला आलेल्या इंजिनिअरनं हे समजावण्यात अख्खी सकाळ घालवली. अण्णांनी ते एका ओळीत बसवलं. "एक डोक्यात, एक हातात. दोन्ही एका जागी आलं की मेलासा."

बाकीच्यांची टोकनं ड्रॉवरमध्ये, नाहीतर स्कूटरच्या किल्लीला. अण्णांचं काळ्या दोऱ्यात, गळ्यात, बनियनच्या आत. एका लग्नात जेवताना वाकले तेव्हा ते बाहेर लोंबलं, तर शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "कुठल्या बाबाचं हाय ओ? गुण येतोय का?" अण्णा गंभीरपणे म्हणाले, "येतोय की. पण दुसऱ्याच्या गळ्यात घातलं तर न्हाय येत."

आमचा शिपाई मटक्याचा शौकीन. त्यानं एकदा चहा ठेवता ठेवता डबीवरचे शेवटचे दोन आकडे टिपले आणि लावले. अर्थात बुडाला. अण्णांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं. "मिनटात मरणारा आकडा घिऊन सांजपतूर बसलास? अक्कल कुठं गेलती?"

गुप्त नंबर दाबायची वेळ आली की अण्णा हुकूम सोडत, "तोंडं भिंतीकडं!" आम्ही शाळेतल्यासारखे भिंतीकडे तोंड करून उभे. त्यांच्या खुर्चीमागे बँकेच्या संस्थापकांचा फोटो होता. अण्णांनी अर्ज करून तो समोरच्या भिंतीवर हलवून घेतला. कारण विचारलं तर म्हणाले, "थोर मानूस. पण बघत्यात."

हसताना त्यांना मी कधी पाहिलं नाही. आम्ही हसायचो तेव्हा ते आमच्याकडे असे बघायचे, की हसू आपोआप विझायचं. बायको वारली होती, खोलीत एकटेच राहायचे. मुलाचं विचारलं तर म्हणायचे, "भाईर असतोय." आम्ही समजलो, दुबई.

एके दिवशी मोठ्या साहेबांनी अण्णांना केबिनमध्ये बोलावलं. मीही कागद घेऊन तिथंच उभा होतो. कामकाज बंद झाल्यावर कुठल्यातरी खात्यातल्या नोंदी बदलायच्या होत्या, आणि ते काम साहेबांचा एक खास माणूस करणार होता.

"चौगुले, एका संध्याकाळपुरतं तुमचं टोकन द्या. आणि तो नंबर सांगून ठेवा."

अण्णांनी दोरा गळ्यातून काढला आणि टोकन टेबलावर ठेवलं. "हे घ्या. बँकेचं हाय. नंबर डोक्यात हाय, आनि डोकं माझं हाय."

"माझ्यावर विश्वास नाही तुमचा?"

"विश्वास हाय म्हणूनच भ्या वाटतंय, साहेब."

मी कागदात डोकं घातलं. आता साहेब ओरडणार, असं वाटलं. पण ते ओरडले नाहीत. आठवड्याभरात अण्णांची बदली गगनबावड्याला झाली. तिथली शाखा यंत्रणेला जोडलेलीच नव्हती, त्यामुळे टोकनही जमा करून घेतलं. पावसाळा तोंडावर होता. गगनबावड्याच्या पावसात वाळत घातलेला टॉवेल दिवाळीला वाळतो म्हणतात. मी म्हटलं, "अण्णा, युनियनकडे जाऊ."

"नगं. तेवढं शनवारी मला कळंब्याला सोडा. तिकडनं येणं जमंल न जमंल."

कळंब्याला म्हणजे तलावावर, असं मी धरून चाललो. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल लावून तयार होते. स्कूटर तलावाच्या दिशेला वळवली तर मागून म्हणाले, "तिकडं न्हवं. जेलकडं."

मी वेग कमी केला. 

"पोरगा हाय आत. विजय."

मग मागच्या सीटवरून, माझ्या पाठीशी बोलावं तसं, त्यांनी सांगितलं. विजय एका पतसंस्थेत कॉम्प्युटरवर होता. तिथल्या मॅनेजरनं त्याचा पासवर्ड मागितला, त्यानं दिला. मॅनेजरनं त्याच पासवर्डानं पैसे फिरवले आणि पळाला. प्रत्येक नोंदीवर नाव विजयचं. कोर्टात यंत्रानं जे दाखवलं ते खरं धरलं गेलं. मॅनेजर अजून सापडलेला नाही.

"त्यानं दिला कशाला पासवर्ड?" मी विचारून बसलो.

"मॅनेजर माझा दोस्त. मीच चिकटवला हुता पोराला तितं. पयल्या दिवशी मीच सांगिटलं, साहेब म्हणतील त्याला व्हय म्हणायचं. उलटं बोलायचं न्हाय."

जेलच्या फाटकापाशी ते उतरले. मी स्कूटर लावून मागोमाग गेलो, तर ते खिडकीपाशी मुलाखतीसाठी नाव सांगत होते. आतला शिपाई गेला आणि थोड्या वेळानं परत आला. आपल्याकडच्या माणसाला हळू बोलणं जमत नाही, त्यामुळे मला चार हातांवरून ऐकू आलं.

"येत न्हाई म्हणतोय ओ. दर बारीला तेच. कशाला येतासा तुम्ही?"

अण्णांनी मान हलवली. "तब्येत बरी हाय न्हवं?"

"बरी हाय की."

"जेवतोय न्हवं येवस्थित?"

"जेवतोय."

"बरं." अण्णा जागचे हलले नाहीत. तिथल्या बाकावर, इतर भेटायला आलेल्या माणसांच्या ओळीत, हात मांडीवर ठेवून बसले. शेजारच्या बाईचं नाव पुकारलं, ती आत गेली, रडून बाहेर आली. अण्णा बसूनच. मी मागच्या मागे स्कूटरपाशी गेलो आणि पाठ करून उभा राहिलो.

मुलाखतीची वेळ संपल्यावर ते आले. चेहरा पुसलेला होता.

"झाली भेट?" मी विचारलं.

"झाली की. ब्येस बोलला." मागच्या सीटवर बसता बसता त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. "तुमचीबी चौकशी केली त्यानं."

मी किक मारली आणि म्हणालो, "पुढच्या वेळी माझा नमस्कार सांगा त्याला."

"सांगतो की," अण्णा म्हणाले.